आधी गारी, मग चा

एक अत्यंत गंभीर आणि समाजावर दूरगामी परिणाम करणारी बाब मी आज जाहीर करीत आहे. नाजूक हृदयाच्या मंडळींनी खुर्चीचा आधार घ्यावा. आमच्या सोसायटीतले हिराजीशेठ भोईर लोकांच्या घरी चहा पीत नाहीत.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मग तुम्ही डोंबिवलीत राहत नाही. इकडे चहाला नाही म्हणायला वाघाचं काळीज लागतं. मधुमेह आहे म्हणा, बिनसाखरेचा येतो. ॲसिडिटी आहे म्हणा, अर्धा कप येतो. आत्ताच घेतला म्हणा, "मग काय झालं" येतं आणि त्याच्या पाठोपाठ चहा येतो. ही सगळी तटबंदी फोडून कोरड्या ओठांनी बाहेर पडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

बरं, त्यांना चहा वर्ज्य आहे असंही नाही. स्वतःच्या घरी ते पातेल्यानं पितात. पण ज्या घराच्या दारात विकायची गाडी उभी आहे, त्या घरात तर चहाचा ट्रे दिसला की शेठचा पंजा चौकातल्या हवालदारासारखा वर जातो.

"आधी गारी, मग चा."

गारी म्हणजे गाडी. शेठ आगरी, इथले मूळचे. त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो आणि 'ळ'चा 'ल'. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी असंख्य घरांत ऐकलं. त्यातलं 'आधी गारी' दर वेळी झालं. 'मग चा' मात्र कधी आलेलं पाहिलं नाही. गाडी बघून झाली की शेठ परस्पर रस्त्याला लागायचे, आणि मी त्या घरातल्या काकूंची क्षमा मागत दोघांच्या वाटणीचा चहा पिऊन यायचो. गाडी मिळायच्या आधी मला पित्त मिळालं, ते असं.

आमची सोसायटी उभी आहे ती शेठच्या वडिलांच्या भातशेतीवर. त्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटपैकी एकात शेठ एकटे राहतात. पत्नी मागेच गेल्या. मुलगा ठाण्याला, घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर. "त्याच्या घरी गेलो का खाली गारी दिसत नाय," शेठ सांगतात, "नुसती टपं दिसतात." म्हणून ते तिकडे रमत नाहीत.

इकडे मात्र त्यांना इमारतीतही शेतच दिसतं. आम्ही नवं स्वयंपाकघर केलं तेव्हा नीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मोठ्या हौसेनं त्यांना बोलावून दाखवलं. शेठ ओट्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "बरोबर हितंच आमची म्हैस बसायची."

नीताचा चेहरा बघून त्यांनी लगेच सावरून घेतलं. "लय गुनी म्हैस व्हती."

तरुणपणी शेठनी विटांचा टेम्पो चालवला, पुढे जीप ठेवली. सगळं डिझेलवर. अलीकडे डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली. लांबचं त्यांना धूसर दिसतं. जीप विकून टाकली. आता परिसरात कोणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की शेठ न बोलावता त्याच्याबरोबर जातात.

मी त्यांच्या तावडीत कसा सापडलो, ते सांगायला थोडी लाज वाटते. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी खरेदी विभागाचा प्रमुख आहे. बोल्टपासून बॉयलरपर्यंत सगळं मी पारखून घेतो, असा माझा लौकिक आहे. निदान तो मी पसरवला आहे. त्या लौकिकाच्या जोरावर मी पहिली गाडी बघायला एकटाच ठाण्याला पाचपाखाडीत गेलो. लोक टायरला लाथ मारतात हे कुठेतरी पाहिलेलं, म्हणून मीही मारली. टायरला काही झालं नाही. मी पुढचे काही दिवस अंगठ्याला तेल चोळत होतो. मग करड्या आवाजात म्हणालो, "बॉनेट उघडा." मालकानं उघडलं. आत पाहिलं. इंजिन होतं. पुढे काय करायचं ते सुचेना, तेव्हा पाहुण्यांच्या नवजात बाळाकडे बघून म्हणतात तसं म्हणालो, "छान आहे."

हा पराक्रम नीतानं लिफ्टमध्ये शेठना सांगितला. दुसऱ्याच दिवशी शेठ दारात हजर.

"प्रधानभाऊ, एकटं नाय जायाचं. गारी बघायला आणि पोरगी बघायला बरोबर जाणता मानूस लागतो."

"पोरगी बघायला मी एकटाच गेलेलो," मी छाती काढून म्हणालो.

शेठनी नीताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमचं नशीब बरं. पन पोरीच्या बाजूनं कोन आलं नव्हतं वाटतं."

नीता आतल्या खोलीत जाऊन हसली. तेव्हापासून तिचं शेठविषयीचं मत बदललं. म्हैस माफ झाली.

शेठची पद्धत ठरलेली. मालकानं दहाला बोलावलं असेल तर आपण नऊला पोचायचं. घराची बेल वाजवायची नाही. आधी गाडीपाशी जायचं आणि आजारी मुलाच्या कपाळाला लावतात तसा उलटा हात बॉनेटला लावायचा. थंड असेल तर बेल. गरम असेल तर तोंडातून एकच निदान: "ताप हाय."

कळव्याला एक तरुण मालक धावतच खाली आला. "अहो काका, आत्ताच पार्किंगमधून बाहेर काढली, म्हणून जरा कोमट लागतेय."

"पार्किंग कुठं हाय?" शेठनी विचारलं. "नाशिकला?"

परतताना मला शिकवणी. "थंड डिझेल इंजिन खोटं बोलत नाय, भाऊ. सकाली पहिल्या चावीला काय खोकतं, किती धूर टाकतं, त्यात त्याची सगली कुंडली. तेच एकदा गरम झालं का पुढाऱ्यावानी गोड बोलतं."

थंड गाडी मिळाली की शेठ खिशातून पांढरा शुभ्र रुमाल काढून सायलेन्सरच्या तोंडापाशी धरायचे, आणि मला चावी फिरवायला सांगायचे. मग रुमाल उजेडाकडे करून डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन वाचायचे. काळी काजळी आली तर इंजेक्टर बघा. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल पितंय. टर्बो तरी गेला, नाहीतर पिस्टनच्या रिंगा.

"आणि पांढरा?" मी एकदा विचारलं.

"थंडीत जराजरासा येतो, तो चालतो." शेठ रुमालाची घडी घालत राहिले. "पन यायचा थांबलाच नाय, तर ती गारी घ्यायची नाय. फुकट दिली तरी नाय." एरवी एका नटबोल्टवर अर्धा तास बोलणारा माणूस एवढ्यावर विषय संपवून माझ्यापुढे स्टेशनकडे चालू लागला.

दुरुस्तीचा खर्च मात्र ते कधी रुपयांत सांगत नसत. त्यांचं चलन वेगळं. आगरी हळद ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: लग्न हा त्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी उरकायचा किरकोळ विधी असतो. अख्खा गाव जेवतो, नाचतो, आणि बाप पुढची काही वर्षं हिशोब करत बसतो. शेठ गाडीचे सगळे आजार या मापानं मोजत.

"क्लच बसलाय. म्हंजे हलदीचं मटन गेलं."

"आणि इंजेक्टर?"

"एखादा गेला तर आचारी गेला. चारी गेले तर मांडव."

"टर्बो?"

"बँजो पार्टी. वर डीजे."

"इंजिनच उघडायला लागलं तर?"

"मग लगीन मोरलं, भाऊ. उठायचं नि घरी यायचं."

मी खरेदी खात्यातला माणूस, मी गुपचूप बाजारात विचारून रूपांतर करत असे. टर्बोला चाळीस-पन्नास हजार सांगितले तेव्हा मला बँजोचे भाव कळले. सर्वांत स्वस्त बॅटरी. "बॅटरी म्हंजे नुसते नारल. त्यात कंजूषी करायची नाय." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

शहाडला नदीजवळच्या एका इमारतीत एक लालभडक गाडी मला इतकी आवडली की मी मनातल्या मनात तिला हारही घातला. बॉनेट थंड, धूर स्वच्छ, आणि आत बसलो तर मोगऱ्याचा घमघमाट. मी शेठच्या कानात म्हणालो, "वास किती छान आहे!"

"अत्तर हाय म्हंजे खाली वास हाय," शेठ म्हणाले आणि त्यांनी सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. ओढतच राहिले. जादूगार टोपीतून पट्टा काढतो तसा तो येतच राहिला. आम्ही सीटबेल्ट ओढतो तो पोटापुरता. त्याच्याही पलीकडे, अगदी शेवटच्या वितीवर, वाळलेल्या चिखलाची तपकिरी रेघ होती.

शेठनी पट्टा मालकाच्या हातात दिला. "ही पोहून आलीय."

मालक ओशाळला. "पावसाळ्यात पाणी जरासं आलेलं, काका. पण सगळं धुतलंय."

"गारी धुतलीत. पट्ट्याचं टोक कोन धुनार?"

एकदा एका गृहस्थानं मीटर दाखवून छातीठोक सांगितलं की गाडी फक्त चाळीस हजार किलोमीटर चालली आहे. शेठ खाली वाकले. ब्रेकच्या पेडलवरचं रबर झिजून टकलासारखं गुळगुळीत झालं होतं. "मीटर चालीस बोलतो, रबर दीड लाख बोलतं," ते म्हणाले. "मी रबराचं आयकतो." त्या गृहस्थांच्या टकलाकडे तेव्हा मी बघायला नको होतं. पण बघितलं.

असं बरेच रविवार चाललं, आणि अखेर कल्याणला एका निवृत्त मास्तरांची पाच-सहा वर्षांची राखाडी डिझेल गाडी शेठच्या कसोटीला उतरली. बॉनेट गार, रुमाल कोरा, पट्टे स्वच्छ, रबर जाड. शेठनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "घ्या." पण म्हणण्याआधी रुमाल त्यांनी आणखी दोनदा उजेडाला धरून पाहिला. मास्तरांनी चहा आणला. शेठ जिन्यात.

घरी नीतानं मूलभूत शंका काढली. "आपण जाणार भाजी मंडईत, स्टेशनला आणि फार तर गणपतीच्या देवळात. त्याला डिझेल कशाला? लहानशी पेट्रोल घेऊ या ना."

"वहिनी, पेट्रोल म्हंजे लवंगी फटाका," शेठ म्हणाले. "डिझेल म्हंजे चूल. पिढ्यान् पिढ्या."

मला हा युक्तिवाद इतका भारदस्त वाटला की मी तो ऑफिसात स्वतःचा म्हणून खपवला. गाडी घेतली. शेठनी जाताना बजावलं, "बॅटरी तेवढी बदला." मी 'हो हो' म्हणालो. चालतेय की, म्हणून सोडून दिली. माझ्या खात्यात याला काटकसर म्हणतात.

काही आठवडे मी राजासारखा मंडईत गेलो. मग एका सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. चौकोनात ठिपके असलेलं चित्र. मला ते खारी बिस्किटासारखं दिसलं. गाडीला बिस्किट कशाला हवंय ते कळेना, म्हणून शेठना बोलावलं.

चित्र दिसायला ते डॅशबोर्डला नाक लावून बसले. मग त्यांचा चेहरा उजळला. आजाराची बातमी ऐकून इतका आनंद झालेला डॉक्टर मी पाहिला नव्हता.

"फिल्टर तुंबला! सायलेन्सरात जाली असते, तिच्यात काजली बसते. मंडईपर्यंत जाऊन जाली तापत नाय, मंग काजली जलनार कशी? हिला हवा खायला न्यायला पाहिजे, भाऊ. लांब. हायवेला. दर आयतवारी."

आयतवार म्हणजे रविवार. त्यानंतरचे माझे सगळे रविवार शेठनी ताब्यात घेतले. सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दाढी करून, गाडीपाशी उभे. मी आपला लेंगा घालून अर्धवट झोपेत. कल्याण, गांधारीचा पूल, पडघा, आणि मग नाशिक हायवे. "ऐंशीच्या खाली नको. गिअर वर नको टाकू. तापू दे, तापू दे!" मी आज्ञाधारकपणे तापवायचो. वाशिंदच्या अलीकडे ते मला एका फाट्यावरून सर्व्हिस रोडला उतरवायचे आणि एका गावाच्या तोंडाशी, निळं फाटक असलेल्या घरासमोर थांबवायचे.

"बंद नका करू. टर्बो लालबुंद असतो. एकदम बंद केला तर करपतो. दोन मिनिटं चालू ठेवून थंड होऊ द्या, मंग गारी वलवा."

हे खरं आहे, मी नंतर विचारून खात्री केली. पण जगातल्या कुठल्याही टर्बोला आमच्याएवढा वेळ लागत नसावा. दोन मिनिटांची दहा व्हायची. तेवढा वेळ शेठ नुसते बसून. हात गुडघ्यांवर, तोंड निळ्या फाटकाकडे. आत अंगण, शेवग्याचं झाड, ओटा. त्यांना तिथलं काय दिसत असेल देव जाणे. मला सगळं स्वच्छ दिसायचं. ओट्याच्या कडेला दर रविवारी बशीनं झाकलेला एक कप असायचा. कोणीतरी चहा विसरून जात असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. माझ्या डोळ्यांना अजून चष्मा नाही. त्याचा काय उपयोग झाला ते तुम्ही बघताच आहात.

मग "बस, झाली थंड," असं म्हणून शेठ निघायला सांगायचे. परतीच्या वाटेवर ते म्हातारे दिसायचे.

पुढे ऑफिसजवळच्या एका गॅरेजात मी ऑइल बदलायला गाडी नेली आणि ऐटीत सांगितलं की दर रविवारी वाशिंदपर्यंत जाऊन मी फिल्टर साफ ठेवतो.

मेकॅनिक हसला. "वाशिंद कशाला, साहेब? महिन्यातून एकदा कुठल्याही मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास पळवा. रोजची किती चालते?"

"मंडई. स्टेशन. देऊळ."

"मग डिझेल घ्यायला सांगितली कोणी? तुमच्यावर कोणाचा जुना राग आहे का?"

मी घरी आलो तो फुरफुरतच. नीता म्हणाली, "मी सांगितलेलं." बायकोचं हे वाक्य कुठल्याही इंजेक्टरपेक्षा महाग पडतं. मी ठरवलं, येत्या रविवारी शेठना जाब विचारायचाच.

रविवारी संपूर्ण रस्ताभर मी घुम्यासारखा बसलो. निळ्या फाटकासमोर गाडी थांबवली आणि सूड म्हणून, टर्बो करपला तर करपो, चावी फिरवून इंजिन बंद केलं.

शेठ दचकले. "अरे, अरे! काय केलंत?"

"शेठ, खरं सांगा. माझ्यासारख्याला पेट्रोल गाडी बरी, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

कुठेतरी कोंबडी कोकलत होती.

"म्हाईत व्हतं," शेठ म्हणाले.

"मग?"

"पेट्रोल घेतली असती तर तुम्ही मला दर आयतवारी हितं कशाला आनला असता?"

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी फाटकाकडे बोट केलं. "माझ्या बहिनीचं घर. तारा. धाकटी माझी. दादूस म्हनायची मला."

आणि मग ते मान खाली घालून बोलत राहिले. बऱ्याच वर्षांपूर्वी भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा दाजींना, म्हणजे ताराच्या नवऱ्याला, जुनी जीप घ्यायची होती. हिराजी सांगेल ती घेऊ, असं दाजी म्हणाले. शेठ बघायला गेले. मालकानं आग्रहानं घरात बसवलं. चहा आला, कांदाभजी आली, पुन्हा चहा आला. तेवढ्या वेळात मालकाच्या माणसानं मागच्या दारी इंजिन तापवून ठेवलं. शेठ बाहेर आले, जीप एका चावीत सुरू झाली. शेठ म्हणाले, घ्या.

"लग्नाच्या दिवशी नवरी घेऊन निघाली जीप. खर्डीच्या चढाला पांढरा धूर. थांबतोय कुठं! इंजिनचा हेडच फुटलेला." शेठनी रुमाल काढून उगाच काच पुसली. "भाची माझी शालू नेसून कोबीच्या टेम्पोत बसून मांडवात गेली. दाजी सगल्यांसमोर बोलला, हिराजीचा शब्द नि हिराजीची जीप, दोन्ही चढाला बसतात. मी जेवलो नाय. तसाच निघालो."

"आणि दाजी?"

"गेला तो, दोन वर्सं झाली. स्मशानात मागं उभा व्हतो. घरात नाय गेलो. आता राग धरायला मानूस पन नाय राहिला. मंग कुठल्या तोंडानं जाऊ?"

"अहो, पण मला सांगायचंत ना! मी आणलं असतं की तुम्हाला. रिक्षानंही आला असतात."

"रिक्षातून उतरायला लागतं, भाऊ," शेठ म्हणाले. "गारीत बसून राहता येतं."

बोल्टपासून बॉयलरपर्यंत पारखणाऱ्या माणसानं उगाच आरसा सारखा केला. मी म्हणालो, "बरं, टर्बो थंड करू या आपण," आणि चावी फिरवली.

टक्. पुन्हा फिरवली. टक्. मग टक्सुद्धा नाही.

"बॅटरी," शेठ म्हणाले.

"हो."

"बदलली नाय?"

"नाही."

"नारलात कंजूषी केलीत." रागापेक्षा घाबरून ते खिडकीच्या काचेखाली सरकले. आता गाडी ढकलल्याशिवाय हलणार नव्हती, आणि ढकलायचं तर माणसं लागणार होती, आणि माणसं होती ती निळ्या फाटकाच्या आत. मी उतरलो. शेठ हातानं 'नको, नको' करत राहिले. मी फाटकापाशी जाऊन हाक मारली तेव्हा दोन-तीन धडधाकट बापये बाहेर आले, लुंग्या वर खोचत. एकानं गाडीत वाकून पाहिलं आणि तो तसाच सरळ झाला. मग तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

त्यांच्या मागून ती आली. नऊवारी पातळ, कपाळ मोकळं, चेहऱ्याची ठेवण थेट शेठची. तिच्या हातात बशीनं झाकलेला कप होता. ती गाडीपाशी आली, आणि आजारी मुलाच्या कपाळाला लावतात तसा तिनं उलटा हात बॉनेटला लावला. घरचीच रीत असणार ती. मग खिडकीशी गेली. आतला पांढरा शर्ट काचेच्या पार खाली गेला होता; वर दिसत होते फक्त पांढरे केस.

मागून लुंगीवाल्यानं विचारलं, "आये, मारू क धक्का?"

तिनं शेठच्या बाजूचं दार सताड उघडलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गारीला कसला धक्का मारताव रं? आधी या दादूसला मारा, आत! दर आयतवारी याच्या नावाचा चा मोरीत वतून वतून माजा हात दुखला!"